टाकीवरच्या तीन रेघा

आमच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन धूर ओकायचं, हे खरं होतं. समोरच्या चाळीतल्या बायकांनी नगरपालिकेत तक्रार केली तेव्हा मी त्यांना तोंडभर शिव्या दिल्या. पण त्यांच्या दोरीवरची धोतरं मलाही दिसत होती. सकाळी पांढरी वाळत घातलेली, दुपारी करडी.

नगरपालिकेचा साहेब आला. खिशातला पांढरा रुमाल काढून त्यानं धुराच्या नळीपुढे धरला आणि काळा झालेला आम्हाला दाखवला. मग म्हणाला, "तीन महिन्यांनी परत येतो. रुमाल असाच निघाला तर गिरणीला सील."

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. बोरिवलीत स्टेशनच्या बाजूला वीज होती, आमच्या अंगाला खांबसुद्धा आले नव्हते. आमचे हे म्हणाले, "बंद करू या. मी शहरात कापडाच्या मिलमध्ये लागतो." त्यांना सोपं होतं, त्यांच्या हातात फिटरचं काम होतं. गिरणीवर बसायचे ती मी. चार इयत्ता शिकलेल्या बाईला दुसरं कोण कुठे बसवणार होतं? मी सांगितलं, "तुम्ही खुशाल जा. गिरणी मी सोडणार नाही."

गिरणीला लागूनच सासऱ्यांचा तबेला होता. बारा म्हशी. मालाडच्या एका मिस्त्रीनं तिकडच्या शेतकऱ्याला शेणाच्या गॅसवर इंजिन चालवून दिलं होतं, हे शहरात न जाता ते बघून आले. मग मिस्त्री आमच्याकडे आला. तबेल्याच्या मागे विहिरीसारखा खड्डा खणून बांधला. त्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं. वर लोखंडी टाकी उपडी ठेवलेली. आत गॅस धरला की टाकी आपोआप वर उचलली जायची आणि नळीतून गॅस इंजिनात जायचा. जुनं धुराचं इंजिन काढून युद्धातलं एक वापरलेलं पेट्रोलचं इंजिन बसवलं. पेट्रोलवर सुरू करायचं, धडधड नीट लागली की पेट्रोल बंद करून गॅसवर घ्यायचं. त्याच पट्ट्यावर छोटा डायनॅमो. गिरणीत दोन दिवे आणि तक्रार करणाऱ्या चाळीच्या जिन्यात एक. तो मीच द्यायला लावला. घ्या म्हटलं, आता बोला.

सासूबाई मात्र चिडल्या. त्या सगळ्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या.

"आता चूल कशावर पेटवू गं? तुझ्या डोक्यावर?"

"लाकडं आणू ना, आई."

"शेणावर दिवे लावतायत. उद्या म्हणाल, शेणावर रेडिओ वाजवू."

पण त्याही संध्याकाळी दिव्याखाली तांदूळ निवडायला येऊन बसायच्या.

टाकीवर मी चुन्यानं तीन रेघा ओढल्या होत्या. एक रेघ पाण्याच्या वर आली तर दिव्यांपुरता गॅस. दोन आल्या तर दिवे आणि थोडं दळण. तिन्ही दिसल्या की तीन तास गिरणी. बायका डबा डोक्यावर घेण्याआधी कुंपणापाशी येऊन ओरडायच्या, "किती रेघा गं?" दोन म्हटलं की ज्वारीवाल्या परत जायच्या, ज्यांच्या घरी पीठ संपलंय त्या आधी यायच्या. भांडणं व्हायची, पण कुणी रेघेशी भांडत नव्हतं.

साहेब सोमवारी येणार असं कळलं. मला वाटलं, धुराचं झालं, आता घाणीवरून बोलायला नको. गुरुवारी मी फिनेलची अख्खी बाटली बादल्यांत ओतली आणि तबेला खराट्यानं घासून काढला. फरशी चकचकीत. धुतलेलं पाणी नेहमीच्या गटारानं वाहून गेलं. ते गटार कुठे जातं हे मला पक्कं ठाऊक होतं. शेण कालवायच्या हौदात. मीच रोज तिथे उभी असायचे. तरी डोक्यात आलं नाही.

शनिवारी दोन रेघा. रविवारी एक. सोमवारी सकाळी एकही नाही. टाकी बुडाला बसलेली.

मिस्त्रीला बोलावून आणलं. त्यानं हौदात हात घालून वास घेतला.

"वहिनी, ह्यात काय घातलंत?"

"काही नाही. शेण."

"अहो, हाताला इस्पितळाचा वास येतोय."

मी फिनेलचं सांगितलं. त्यानं हात मातीत पुसला. "शेण कुजवणारे जीव असतात आत. तुम्ही त्यांना मारलंत."

सासूबाई म्हणाल्या, "जंतू मारायलाच तर फिनेल असतं."

"तेच सांगतोय, आजी."

हे म्हणाले, "पेट्रोलवर चालवून दाखवू. रुमाल तसाही पांढरा राहील. साहेबाला काय कळतंय?"

"आज नाही कळणार," मी म्हटलं. "उद्यापासून रोज पेट्रोल जाळणार का? मुदत लागेल. आणि मुदत मागायची तर कारण सांगावं लागेल."

साहेब आला. मी त्याला सरळ टाकीपाशी नेलं. "गॅस नाही. मी फिनेल घातलं. तुमच्यासाठीच."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. वाकून हौदात बघितलं, नाकाला रुमाल लावला. "किती दिवस लागतील?"

मिस्त्री म्हणाला, "महिना."

"महिनाभर गिरणी बंद. त्यानंतर मी येणार, न सांगता."

खड्डा उपसायला चार दिवस गेले. मी, हे आणि मिस्त्री, घमेल्यानं. ते पाणी जमिनीत मुरवलं, तिथली केळ मेली. मग मालाडच्या त्या शेतकऱ्याकडून त्याच्या खड्ड्यातला शेणाचा काला बैलगाडीनं आणला, दोन पिंपं भरून. मिस्त्री म्हणाला, हे विरजण. वाटभर माणसं नाक धरून बाजूला होत होती. मी गाडीवर पिंपं धरून बसले होते, मला बाजूला व्हायला जागा नव्हती. पिंपं खड्ड्यात ओतली, वर ताजं शेण घातलं आणि थांबलो. दळणाच्या बायका दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या. त्यांना मी काही बोलले नाही. पोरांना पोळी लागते.

अठराव्या दिवशी टाकी दोन बोटं हलली. पंचविसाव्या दिवशी दोन रेघा आल्या. तिसरी येईपर्यंत मी कुणाला इंजिनाला हात लावू दिला नाही.

साहेब सकाळी अकराला आला, दळण चालू असताना. सरळ नळीकडे गेला आणि रुमाल धरला. बराच वेळ धरला. जात्यापाशी उभ्या असलेल्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. त्यानं रुमाल उलटून बघितला. ओलसर होता, एवढंच. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालू द्या."

सासूबाई त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाक पुसायला हरकत नाही आता."

तो गेल्यावर मी गटाराच्या तोंडाशी विटा रचून धुण्याच्या पाण्याला वेगळी वाट काढली. तेवढ्यात कुंपणाशी कुणीतरी ओरडलं, "किती रेघा गं?"

"दोन," मी म्हटलं. "लवकर आण."