काटकोन ब पाशी

शाळेतली मुलं बाईंना पाठीमागे ‘भिंगरी’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि नाव ठेवणाऱ्याचं त्यांना मनातून पटतही होतं. आठवड्यात चार शाळा. प्रत्येक शाळेत अंध किंवा अगदी अधू नजरेची एक-दोन मुलं, आणि त्या सगळ्यांना शिकवायला या एकट्या बाई. कुठल्याच शाळेत त्यांची स्वतःची खुर्ची नव्हती. असती तरी त्या बसल्या नसत्या. चहासुद्धा उभ्यानं प्यायच्या, अर्धा कप कुठल्याशा खिडकीत ठेवायच्या आणि मग तो शोधत फिरायच्या.

ही धावपळ काही नुसती नोकरीची नव्हती. आईची नजर गेली तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या भावानं, अगदी मायेनंच, आईच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. आधी सुरी, मग काडेपेटी, मग घराची किल्ली.

“मी काय करू गं आता?” आई विचारायची.

“तू नुसती बस, आई. आम्ही आहोत ना.”

आई नऊ वर्षं बसली. बसल्या बसल्याच गेली. तेव्हापासून कुणी स्वस्थ बसलेलं दिसलं की बाई त्याच्या हातात काहीतरी काम द्यायच्या.

आठवीतली एक मुलगी अशीच बसलेली त्यांना सापडली. जन्मापासून अंध. भाषेत आणि इतिहासात वर्गात पहिली, पण भूमितीच्या तासाला हात बाकावर ठेवून गप्प. गणिताच्या सरांनी तिला आकृतीचे प्रश्न माफ करून टाकले होते. सर मनानं वाईट नव्हते. म्हणाले, “बाई, फळ्यावरचं तिला कसं कळणार? नियमातच सूट आहे. कशाला पोरीचा जीव काढायचा?”

“तिला विचारलंत?”

सरांनी विचारलं नव्हतं. मग बाईंनी विचारलं. मुलगी म्हणाली, “मी त्या तासाला झोपते. झोपले तरी मला कुणी रागवत नाही. त्याचाच मला राग येतो.”

दुसऱ्याच दिवशी बाईंनी शिवणकामातलं दातेरी चाक पिशवीत टाकलं. रबराच्या तुकड्यावर जाड कागद ठेवायचा आणि त्यावरून चाक फिरवायचं. कागदाच्या दुसऱ्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते आणि ती बोटांना लागते. मात्र रेघ मागून ओढायची असल्यामुळे आकृती आरशात दिसते तशी उलटी काढावी लागते. चार महिने हेच चाललं. मुलगी बोटं फिरवायची, चुकायची, वैतागून कागद ढकलून द्यायची. बाई तिच्याहून जास्त वैतागायच्या. ती विचार करत थांबली की यांना धीर निघायचा नाही, त्या स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या.

“बाई, येत होतं मला!” मुलगी ओरडायची. “तुम्ही जरा गप्प बसाल का?”

वार्षिक परीक्षेला मुलीनं सूट नाकारली. बाईंनी तिची प्रश्नपत्रिका दोन दिवस आधीच ब्रेलमध्ये उतरवून ठेवली. पेपर सुरू व्हायला बारा मिनिटं असताना सर ग्रंथालयाच्या खोलीत आले. मुलीला तिथं वेगळं बसवलं होतं.

“बाई, गडबड झालीय. आकृतीचा प्रश्न काल मी बदलला. जुन्यात चूक होती.”

“मग मला कळवायचं नाही?”

“डोक्यातच आलं नाही.” सरांनी मान खाली घातली. “तिला तो प्रश्न सोडवायचाय, हेच अजून सवयीचं झालं नाही. आजच्यापुरती सूट देऊन टाकू का?”

“नाही,” मुलगी आणि बाई एकदमच म्हणाल्या.

बाईंनी कपाटाला टेकून उभ्यानंच प्रश्न ब्रेलमध्ये टोचला. मग चाक घेतलं. छापील कागदाकडे बघत त्रिकोण काढला, कागद पालथा केला, चिकटपट्टीवर टोचलेली अ, ब, क ही अक्षरं टोकांना लावली. घंटा झाली तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

मुलीनं आकृतीचा प्रश्न आधी घेतला. बोटं एकदा फिरवली, परत फिरवली. कपाळाला आठी पडली.

“ही आकृती चुकलीय.”

बाई पुढे धावल्या. सर म्हणाले, “बाई, परीक्षा चालू आहे. बोलायचं नाही.”

“मी आकृतीबद्दल बोलतेय, सर, उत्तराबद्दल नाही,” मुलगी म्हणाली. “प्रश्नात काटकोन ब पाशी आहे. अब सहा, बक आठ. पण माझ्या हाताला काटकोन क पाशी लागतोय, आणि अब तर सगळ्यांत लांब आहे. असं कसं होईल?”

बाईंच्या लक्षात आलं. घाईत त्यांनी त्रिकोण सरळच काढला होता, उलटा काढायचा राहिला होता. अक्षरं मात्र छापील कागदाप्रमाणे लावली. “थांब, मी नवी...”

“नको. तुम्ही बाहेर जा, बाई.”

“अगं पण...”

“तुम्ही असलात की मला तुमचीच धडधड ऐकू येते. जा ना.”

सरांनी दाराकडे बोट केलं. बाई निघाल्या. दार ओढताना त्यांनी पाहिलं, मुलीनं नखानं ब आणि क च्या पट्ट्या सोडवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा चिकटवल्या.

पुढचे दोन तास बाईंनी व्हरांडा उभा-आडवा तुडवला. तिसऱ्या शाळेत त्यांची वाट बघत असतील हे आठवलं, तसं शिपायाच्या फोनवरून निरोप दिला. दोनदा दाराला कान लावला. आत नुसती ब्रेलच्या टोचणीची टकटक. ती थांबली की बाईही थांबायच्या.

मुलगी बाहेर आली ती कुरकुरतच. “शेवटचे दोन प्रश्न राहिले. वाचायलाच वेळ गेला. मला वेळ जास्त मिळायला हवा, सूट नको. अर्ज लिहू या.”

तिथंच पायरीवर दोघी बसल्या. बाईंनी कागद काढून सुरुवात केली, “कृपाळू होऊन...”

“ते खोडा,” मुलगी म्हणाली. “मी सांगते तसं लिहा.”

तिला शंभरात त्रेपन्न मिळाले. आकृतीच्या प्रश्नाला पूर्ण. सरांनी एकही गुण मेहेरबानीनं दिला नाही आणि तसं तिला मुद्दाम सांगितलंही. मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला, तासामागे वीस मिनिटं जादा मंजूर केली, आणि प्रश्नपत्रिका बदलली तर बाईंना त्याच दिवशी कळवायचं, अशी सूचना काढली. नववीत मुलीनं भूमितीच्या तासाला दोनदा बोलणी खाल्ली, एकदा गृहपाठ न केल्याबद्दल आणि एकदा सरांची चूक सगळ्या वर्गासमोर काढल्याबद्दल.