एक्सरेबाई आणि नदीपलीकडची झोपडी

कपड्यांच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी एक लाकडी आडोसा आहे. शिफ्ट सुटली की शिवणाऱ्या बायका एकेक करून त्या आडोशामागे जातात, हात पसरून उभ्या राहतात आणि एक्सरेबाई त्यांना चाचपतात. आधी खांदे, मग काखा, मग कंबर, शेवटी पिशवी. दोऱ्याची रिळं, चेनी, बटणांची पाकिटं, काय काय बाहेर जाऊ पाहतं! एकीनं अंबाड्यात चेनी खोवल्या होत्या. बाईंनी तिला मान जरा वाकवायला सांगितली, आणि अंबाडा मानेबरोबर वाकेना तेव्हाच त्या काय ते समजल्या. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नाही. त्यांनाही एक्सरेबाईच बरं वाटतं. उगाच कशाला नाही म्हणा, माणसाला आपल्या कामाचं कौतुक असतंच.

त्या आधी मशीनवरच होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, आणि खांदा असा धरला की मशीन चालवणं जमेना. साहेबांनी फाटकावर बसवलं. तिथं त्यांनी एक शास्त्रच तयार केलं. घाबरते ती चोर नसते. गरीब बाई नुसत्या झडतीलाही घाबरते. मान खाली घालते तीही नसते. जी फार हसते, "काय बाई, दमलात का?" म्हणून आपुलकीनं विचारते, तिची पिशवी दोनदा बघायची. खाई त्याला खवखवे. या शास्त्रानं त्यांची नोकरी टिकली, मुलगा शिकून लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. फक्त एक झालं, हे शास्त्र फाटकापाशी काढून ठेवायचं राहून गेलं. त्या भाजीवाल्याकडेही संशयानं बघत, डॉक्टरकडेही, आणि आरशात स्वतःकडे बघत तेव्हाही जरा बाजूनंच.

एकदा पाय मुरगळून त्या घरी बसल्या, तेव्हा मुलानं टॅबलेटवर एक जंगलातला खेळ लावून दिला. बर्फाचं जंगल, आपण एकटे, अंगावर फाटका कोट. लाकूड तोडा, आग पेटवा, ससे पकडा, लांडग्यांपासून जपा. मेलात की सगळं पहिल्यापासून. "आई, वेळ जाईल तुझा," मुलगा म्हणाला. त्याला काय ठाऊक, आपण कुणाच्या हातात काय देतोय ते!

कारण तो खेळ जणू एक्सरेबाईंसाठीच बनवला होता. मुलगा त्या खेळात दर दोन-तीन दिवसांनी मरायचा, कारण तो भोळा. वाटेवर मांसाचा तुकडा दिसला की उचलायचा, पिशवीत टाकून तसाच झोपायचा, आणि वासानं लांडगे यायचे. बाई मात्र जगल्या. त्या दिसेल त्याला विचारत: तू इथं का आहेस? आयती पेटलेली आग दिसली तर आधी ती कुणी पेटवली ते बघायचं. कावळे घिरट्या घालतात तिथं मेलेलं हरीण असतं हे खरं, पण ते आपल्याआधी अस्वलाला कळलेलं असतं. गोठलेल्या नदीवर पायाखालचा आवाज बदलला की पळायचं नाही. थांबायचं, ओझं टाकायचं, आलो त्याच पावलांवरून मागं फिरायचं. आणि ओल्या मोज्यांवर विश्वास ठेवायचा नाही, माणूस आधी तिथूनच गारठतो.

"आई, तू तर वाघीण निघालीस," मुलगा म्हणायचा. मग दोघांनी एकाच जंगलात छावणी बांधली. टेकडीच्या पोटाशी, वारा अडतो अशा जागी. दोन पेट्या: एक त्याची, एक त्यांची. कामावरून आलं की दोघं आपापल्या खुर्चीत बसून लाकडं तोडत. फारसं बोलणं नाही. पण ते बरं होतं, फार बरं होतं.

मग मुलाचं लग्न झालं. सून दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं घ्यायच्या कामाला होती. दिवसभर दुखऱ्या दाढांशी हसून बोलायचं, त्यामुळे तोंडावर हसू कायमचं. "आई, दमलात का?" ती घरात शिरता शिरता विचारायची.

झालं! पिशवी दोनदा बघायची तीच ही.

एका सकाळी सून कामाला निघाली होती. बाई दारात उभ्या होत्या. ती शेजारून जाताना बाईंचा हात आपोआप उठला, तिच्या खांद्यावरून कमरेपर्यंत फिरला, आणि दुसऱ्या हातानं पिशवीची चेन उघडली. कंगवा, रुमाल, डबा. सुनेच्या तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच. मुलगा मागं बूट घालत होता, त्यानं सगळं पाहिलं.

"सवयीनं झालं रे," बाई म्हणाल्या. ते निम्मं खरं होतं. हात सवयीनं उठला होता, पण डोळे सवयीनं आत गेले नव्हते. त्यांना बघायचंच होतं. काय बघायचं होतं, हे विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्या घरातून काहीतरी हळूहळू बाहेर चाललंय एवढंच त्यांना वाटत होतं, आणि तो मुलगा आहे, चमचा नाही, हे कळायला पिशवी उघडून उपयोग नसतो.

मुलानं आणि सुनेनं गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. फोन व्हायचे, पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आवाज चढायचा. राहिली ती छावणी. मुलगा संध्याकाळी थोडा वेळ यायचा, दोघं मुकाट्यानं लाकडं रचायची. त्या जंगलात बोलायची सोय नव्हती. हात हलवायचा, बोट दाखवायचं, अशा चार खुणा तेवढ्या होत्या. ही छावणी गेली तर मुलगा गेला, हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या तिथं डोळ्यांत तेल घालून बसत.

अशात एक दिवस मुलाचा फोन आला. "आई, तीपण खेळणार आहे आता. पिवळी टोपी असेल तिची. नवीन आहे, सांभाळून घे."

"घेईन की," बाई म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी आपल्या पेटीतली लाकडं मोजून ठेवली.

पिवळी टोपी आली. दुरून हात हलवला. बाईंनीही हलवला, नाही म्हणायला. पण त्या आगीपाशी येऊन बसल्या की थोड्या वेळात पिवळी टोपी उठून झाडांत दिसेनाशी व्हायची. का बरं? थंडीत कुणी आगीपासून उठून जातं? आणि दुसऱ्या दिवशी पेटीतली लाकडं कमी! बाईंनी कारखान्यातली युक्ती केली. तिथं त्या रिळांच्या ढिगात एक रीळ मुद्दाम उलटं ठेवत. हात लागला की कळायचं. इथं त्यांनी लाकडांवर भूर्जाची साल आडवी ठेवली. परत आल्या तर साल तळाशी आणि लाकडं आणखी कमी. वर चकमकीचा दगडही गेलेला.

"सापडलीस," बाई टॅबलेटला म्हणाल्या.

आता मुलाला सांगावं तर तो म्हणणार, आई, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. नुसत्या तोंडी तक्रारीला फाटकावरही कुणी विचारत नाही, मुद्देमाल लागतो. एक्सरेबाई थांबल्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि जंगलात उतरल्या. बर्फ पडायचं थांबलं होतं, म्हणजे पावलं मिटणार नव्हती. छावणीपासून बारीक पावलांची रांग नदीकडे गेली होती. सरळ नाही, वळणं घेत. साध्या मनाचं माणूस सरळ चालतं, असं बाईंचं मत. नदीकाठी बर्फ कुरकुरलं तसं त्यांनी पिशवीतलं निम्मं ओझं टाकलं आणि पावलात पाऊल ठेवत पलीकडे गेल्या.

तिथं, खडकाच्या आड, एक झोपडी होती.

छान बांधलेली, हे त्यांना मान्य करावं लागलं. वाऱ्याकडे पाठ, दाराशी कुंपण. म्हणजे असं! बाहेर वेगळं घर झालंच होतं, आता इथंही वेगळं घर. एकदा मुलगा नदी ओलांडून इकडे यायला लागला की टेकडीखालच्या छावणीत म्हातारीनं आपलं एकटीनं शेकत बसायचं. बाई टॅबलेट मांडीवर ठेवून पाणी प्यायल्या. मग आत शिरल्या.

झोपडीत छोटी आग होती आणि एक पेटी. कुलूप नाही. उघडी पेटी म्हणजे एकतर सापळा, नाहीतर मूर्ख मालक. बाईंनी ती उघडली. त्यांची लाकडं, त्यांचा चकमकीचा दगड. बरोबर! खाली सशाच्या कातड्याचे हातमोजे आणि मासे धरायचा गळ. हे दोन्ही तिचंच, स्वतः केलेलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि हातमोजे व गळ आपल्या पिशवीत टाकले. जप्ती. चोराला जरा कळू दे, वस्तू गेल्यावर कसं वाटतं.

वळल्या तर दारात पिवळी टोपी.

दोघी उभ्या राहिल्या. बाहेर वारा सुरू झाला होता. बाईंना वाटलं, आता ही पळेल, नाहीतर उलट्या बोंबा मारेल. पिवळ्या टोपीनं तसलं काही केलं नाही. तिनं पाठीवरची पिशवी काढली आणि एकेक वस्तू जमिनीवर ठेवायला लागली. दोन लाकडं. वाळलेलं मांस. चिंधी. पाण्याची बाटली. पिशवी रिकामी झाली तशी तिनं दोन्ही हात वर केले. अनोळखी माणसं भेटली तर आपल्याकडे हत्यार नाही हे दाखवायला त्या खेळात ती खूण आहे.

हात वर करून ती तशीच उभी राहिली.

एक्सरेबाईंनी आजवर किती जणींना हात वर करायला लावलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण कुणी आपणहून केले नव्हते. ही थट्टा आहे की शरणागती, त्यांच्या शास्त्रात बसेना. तेवढ्यात शेजारी ठेवलेला फोन वाजला.

"आई," सून म्हणाली, "हात किती वेळ वर ठेवायचे?"

बाईंच्या तोंडात होतं तेच बाहेर आलं. "माझी लाकडं आहेत तुझ्या पेटीत."

"हो. यांनी सांगितलं होतं, आईकडे भरपूर असतात, घे त्यातली. मला वाटलं तुम्हाला विचारलं असेल."

"नाही विचारलं."

"मग चुकलंच माझं."

चोर तो चोर वर शिरजोर, हे बाईंनी ओठांवर आणून ठेवलं होतं. आता ते कुठं वापरायचं?

"आणि हे वेगळं घर?" त्या म्हणाल्या. "चोरून बांधलेलं?"

सुनेच्या मागं दवाखान्यात असतात तसे आवाज नव्हते. तिचीही सुट्टीच होती. "तुम्ही आगीपाशी आलात की मला तिथं बसवत नाही, आई. तुम्ही बघत असता. म्हणून उठते. पण उठून जायचं कुठं? दोनदा गारठून मेले मी बाहेर. मग आडोसा केला एक. यांना अजून दाखवलासुद्धा नाही, लागेल त्यांना."

एक्सरेबाई झोपडीकडे बघत राहिल्या. एकाच माणसाला झोपता येईल एवढीच जागा होती. मघाशी हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं, आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. आपल्याला भिऊन एक पोर बर्फात मरत होती, आणि आपण लाकडं मोजत होतो. त्यांना स्वतःची अशी शरम वाटली की फोन कानापासून लांब धरावासा वाटला.

"हात खाली घे गं," त्या म्हणाल्या.

पिवळ्या टोपीनं हात खाली घेतले. मग बाईंनी चाचपडत आपली पिशवी उघडली. चाकू खाली ठेवला. दोरी ठेवली. उरलेली लाकडं ठेवली. मग सशाचे हातमोजे. मग गळ.



"हे माझं आहे," सून म्हणाली.

"हो."

"तुम्ही चोरलंत?"

"जप्त केलं," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनाच ऐकवेना. "चोरलं. आता तू बघ माझी पिशवी. नीट बघ, कोपऱ्यातसुद्धा बघ."

ती हात वर करायची खूण कुठं असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लागलीच नव्हती कधी. त्यांनी दोन-तीन चुकीची बटणं दाबली. आधी त्या झोपडीत खाली बसल्या, मग उगाच बोट दाखवलं. शेवटी सापडली. फाटक्या कोटातली म्हातारी दोन्ही हात वर करून आगीपुढं उभी राहिली आणि सून येऊन पिशवी बघेल म्हणून वाट बघू लागली.

सून जागची हलली नाही.

"घ्या हात खाली, आई," ती फोनवर म्हणाली. "मी नाही बघत."

बाईंनी हात खाली घेतले नाहीत. आग विझत आली होती, तेव्हा पिवळ्या टोपीनं खाली वाकून बाईंच्याच ढिगातलं एक लाकूड उचललं आणि आत टाकलं. या वेळी तिनं फोनवर आधी विचारलं होतं.