कर्नलसाहेबांचं सातवं कलम

बोलायला उभं राहण्यापूर्वी कर्नलसाहेब दुमडलेल्या बाह्या खाली सोडून मनगटाची बटणं लावायचे. पुढारी बाह्या सरसावून भांडताना तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत. हे गृहस्थ बटणं लावून भांडायचे. मग ठरलेलं वाक्य, "जुनं सगळं चांगलंच, असं मी म्हणत नाही. मोडण्याआधी विचार करा, एवढंच."

बँकेने मला कोलकात्याला धाडलं आणि बालीगंजमध्ये त्यांच्या खालच्या मजल्यावर घर मिळालं. साहेब मराठी, पण आजोबांपासून इथलेच. वडील फोर्ट विल्यममध्ये नोकरीला, हे स्वतः सैन्यातून निवृत्त आणि आता एका परंपरावादी पक्षाचे अध्यक्ष. पक्ष एवढासा, की बैठकीला आमच्या दोन घरांतल्या खुर्च्या पुरायच्या. साहेबांचा रुबाब मात्र उद्याच शपथविधी असल्यासारखा.

जाहीरनामा ते आधी मराठीत लिहीत. "बंगालीत मला थापा फार सफाईने मारता येतात," म्हणायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मटार सोलत ऐकायच्या, मी शुद्धलेखन बघायचो. शाळेत मातृभाषा, जुन्या इमारतींना संरक्षण, छोट्या दुकानदाराला कमी कर. काकूंनी "बरं" म्हटलं की कलम पक्कं. सातवं होतं, घटस्फोट सहजासहजी मिळू नये. त्यावर काकू नुसत्या सोलत राहिल्या. "हरकत नाही ना? मग राहू दे," म्हणत साहेबांनी ते लिहून टाकलं.

पुढे तीन-चार वर्षांनी वॉर्डाच्या निवडणुकीला पंधरा दिवस उरले होते. बराकपूरला दिलेली त्यांची मुलगी एक सुटकेस घेऊन घरी आली. दंडावर वळ होते. परत जाणार नाही, वकील बघा, म्हणाली.

पक्षाचे बंगाली चिटणीस सकाळीच हजर. "दादा, मतदान होईपर्यंत तिला कुठेतरी दूर ठेवा. लोक आपलं सातवं कलम वाचून हसतील."

मुलगी दारातच उभी होती. "त्या कलमासाठीच तर तीन वर्षं गप्प बसले, बाबा," ती म्हणाली. "तुमची मान खाली जायला नको म्हणून."

साहेबांचा चेहरा मला बघवेना. काकूंनी उठून मुलीची सुटकेस आतल्या खोलीत नेली.

संध्याकाळी सभा होती. साहेबांनी बटणं लावली, सहा कलमं खणखणीत वाचली. "सातवं मी लिहिलं होतं, मीच काढतो. कुटुंब टिकावं असं मला आजही वाटतं. पण माझी मुलगी मार खात होती आणि मला पत्ता नव्हता. ते घर टिकवा म्हणून मी मत मागणार नाही. बाकी सहा कायम!"

निवडणुकीत ते पडले, तेही सपाटून. पण इतका ताठ हरलेला माणूस मी पाहिलेला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

साहेब आता नाहीत. शेवटचे दिसले ते बदली होऊन मी निघालो त्या सकाळी. मुलीची कोर्टात तारीख होती. टॅक्सीचं दार धरून त्यांनी तिला आधी बसवलं.

"साहेब, निकाल लवकर लागू दे," मी म्हणालो.

"उशीर माझ्याकडूनच झालाय," ते म्हणाले. "कोर्टाला कुठल्या तोंडाने घाई करायला सांगू?"