मिठागरात भिजत घातलेलं डुक्कर

आमच्या मिठागरात आम्ही एकदा डुक्कर भिजत घातलं होतं. ते मेलेलं होतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

चूक सर्वस्वी माझी. मी तेव्हा मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला होतो आणि गावी सांगितलं होतं की खानसामा आहे! (भांडी घासणाऱ्याला खानसाम्याची पाठ दिसते. त्यामुळे मला सगळे पदार्थ पाठीमागून येत होते.) ही थाप खाडीपलीकडच्या एका मिठागरवाल्याच्या कानावर गेली. त्याची मुलगी मी जत्रेत एकदाच पाहिली होती, आणि तेव्हापासून साहेबाच्या बशा फुटत होत्या. तर त्या गृहस्थाने निरोप धाडला, "पोराच्या हातचं खाऊन बघतो, मंग पोरगी द्यायचं बघू." झालं! माझं लग्न आता माझ्या स्वयंपाकावर अडलं, आणि मला चहासुद्धा धड येत नव्हता.

मी रजा काढून गावी आलो, आणि नेमकं पाहुणे यायच्या दिवशी पहाटे गावाने भाताची नासधूस करणारं रानडुक्कर मारलं. आमच्या वाट्याला बरगडी आली. साहेबाचा खानसामा डुकराचे बरगडीसकट तुकडे करी, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवी आणि मग निखाऱ्यांवर लोखंडी जाळी ठेवून भाजी. साहेब त्याला 'चाप' म्हणे आणि हाडं चोखत बसे. मीठ किती, वेळ किती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी नळ चालू असायचा, काही ऐकू येत नसे.

"मिठाच्या पान्यात ठेवलं की मटन रसाळ व्हतं," मी घरात जाहीर केलं.

आत्या सुक्या मासळीतली जाणती. ती म्हणाली, "आरं, मिठानं बोंबील सुकतंय, वाकटी सुकते. मंग डुक्कर रसाळ कसं व्हईल?"

"सायबाचं व्हतं."

"सायबाचं मीठ येगलं हाय काय?"

खरं सांगायचं तर तिचं ऐकून माझाही गोंधळ उडाला. मिठाने सुकतं की रसाळ होतं? तरी मी ओंजळभर मीठ हंड्यात टाकायला गेलो, तोच बाबांनी मनगट धरलं.

"येडा झायलास काय? माजा जलम गेला पान्यातून मीठ काढन्यात, न तू मीठ परत पान्यात घालतंस?"

"मंग मिठाचं पानी आनू कुठून?"

बाबांनी नुसतं दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर नजर पोचेल तिथवर मिठाचंच पाणी होतं!

तुकडे फडक्यात बांधून मिठागराच्या वाफ्यात सोडले. बाबांनी पाहुण्यांसाठी म्हणून खास वाफा निवडला. म्हणजे ज्यात मीठ धरायला लागलं होतं, तो!

दुपारी गाठोडं काढायला गेलो तर वाफ्यात काहीच नाही. धावत घरी आलो.

"आत्या, चाप कुठं गेलं?"

"वलनीवर."

खारवलं की वाळवायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. बोंबलांच्या रांगेत माझे चाप कडक उन्हात लोंबत होते! अंगावर पांढरे खडे, आणि हाताला वहाणेच्या तळाइतके टणक. मी ते घाईघाईने गोड्या पाण्यात टाकले.

"आता पान्यात कशाला?" बाबा ओरडले. "मीठ जाईल न!"

"जायलाच पायजे."

"मंग घातलंस कशाला?"

एवढ्यात पाहुणे दारात हजर! तुकडे तसेच उचलले, खिडकीचे जुने गज निखाऱ्यांवर मांडले आणि भाजायला घेतले. मीठ असं तडतडून उडू लागलं की पाहुणे दोन पावलं मागे सरकले. "आसाच आवाज याया पायजे," मी म्हणालो. (बंगल्यावर असा आवाज कधी आला असता, तर साहेबाने बंदूक काढली असती.)

पाहुण्यांनी घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला. डोळे भरून आले. एक तांब्या पाणी संपलं, दुसराही संपला. मुलगी गेली, एवढंच मला कळलं.

मग त्यांनी हाडाला चिकटलेला एक खडा उचलला, उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला.

"सोयरं, ह्यो दाना तुमच्या आगरातला?"

"व्हय," बाबा चाचरत म्हणाले.

"येवरा पांढरा? माज्या आगरात आसला दाना कंदी पडला न्हाय!"

त्यानंतर दोघे तासभर मिठावर बोलत होते. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. उठताना पाहुणे म्हणाले, "पोरगी दिली तुमच्या घरात."

"न ह्ये चाप?" आत्याने विचारलं.

"कुत्र्याला घाला." मग त्यांनी जरा विचार केला. "नको. मुकं जनावर हाय."

"पर पोरगा पसंत हाय ना?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो मुंबईलाच ऱ्हातो ना?"

"व्हय."

"मंग चालंल!"

अशा रीतीने, मी घरात नसेन या एका भरवशावर माझं लग्न ठरलं.