झाकणं उचलणारी लेझिना सिस्टर

बायकांच्या वॉर्डात लेझिना सिस्टरला सगळे टरकून असत, पण सुईमुळे नव्हे. कासुंगू शहराच्या पुढच्या त्या मिशनच्या इस्पितळात पेशंटला जेवू घालायचं ते त्याच्या सोबतच्या माणसानं, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल पेटवून. आणि रोज दुपारी ही बाई शेडमध्ये शिरून एकेकीच्या न्सिमाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीच्या, भांड्याचं झाकण उचलणार. "हा न्सिमा? मक्याचं पीठ संपलं की हात आखडला? पाणी पाजतेस होय गं सासूला?"

बायका मागे तिची नक्कल करत. सुनेच्या सोबतीला राहिलेली नागामा आजी तर पळी कमरेला लावून हुबेहूब लेझिना व्हायची. एकदा खुद्द लेझिनानंच ते पाहिलं. "कंबर अजून रुंद कर आजी, मग जमेल," म्हणाली आणि पुढच्या भांड्याकडे वळली. अशी ही बाई. तोंड फाटकं, पण पेशंट उपाशी राहिला तर हिला घास जायचा नाही.

त्या आठवड्यात फालेसी आली. एकोणीस वर्षांची पोर. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, आणि इतक्या उशिरा आणलेला की जखमेत पू झालेला. सोबत स्टेलिया नावाची, चांगले कपडे घातलेली बाई. "मी हिची मावशी." लेझिनानं पोरीला नाव विचारलं, मावशीनं सांगितलं. दुखतं का विचारलं, त्याचंही उत्तर मावशीनंच दिलं. "लापशीचं भांडं कलंडलं हो सिस्टर, वेंधळी आहे मेली." फालेसी जमिनीकडे बघत राहिली.

लेझिनाला खटकलं ते मात्र वेगळंच. दोन दिवस झाले तरी या मावशीनं चूल पेटवली नव्हती. फाटकावरून तळलेले बटाटे आणायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं आणि बेडला चिकटून बसायचं. पोर संडासला गेली तरी ही दारात उभी. आता सांगा, आपल्याकडे भाचीला भाजलं तर मावशी आधी चूल शोधते की पहारा देते?

आणि इथे लेझिनानं घोळ घातला. तापट बाई ती! ड्रेसिंग करता करता मावशीसमोरच विचारून बसली, "पोरी, खरं सांग, ही तुझी कोण?"

फालेसीनं घाबरून स्टेलियाकडे पाहिलं. "मावशी," ती पुटपुटली. स्टेलिया हसली खरी, पण लगेच म्हणाली, "उद्या आम्ही निघतो. हात काय, घरीही बरा होईल."

लेझिनानं औषधांच्या खोलीत जाऊन स्वतःलाच शिव्या घातल्या. पोर आता गेली तर हातही जाईल आणि पोरही पुन्हा दिसायची नाही. ती तडक डॉक्टर म्वालेंकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिला एकटीला गाठा सिस्टर. पण ओढू नका. कुणीतरी ओढूनच आणलेली दिसतेय तिला. समाजकल्याणच्या बाईंना मी बोलावून ठेवतो, पुढचं पोरीनं ठरवायचं."

दुसऱ्या दिवशी लेझिना वॉर्डात शिरली तीच गरजत. "स्टेलियाबाई! तुमचं भांडं मला अजून शेडमध्ये दिसलं नाही. उपाशी पेशंटचं मी ड्रेसिंग करत नसते, आणि ड्रेसिंगशिवाय डॉक्टर सोडत नसतात. उठा, चूल पेटवा!"

"अहो, मी बटाटे आणलेत..."

"बटाटे! ऐकलंत का गं, भाजलेल्या पोरीला बटाटे!"

सगळा वॉर्ड खिदळला. रोजचाच तमाशा तो, त्यात संशय कुणाला येणार? स्टेलिया नुसती ओशाळली. नागामा आजीनं तिच्या हातात भांडं कोंबलं आणि दंड धरून तिला शेडकडे नेलं. आजीला लेझिनानं कानात एवढंच सांगितलं होतं, "हिला ओली लाकडं दे."

इकडे ड्रेसिंगच्या खोलीचं दार लागलं. लेझिना फालेसीसमोर बुटक्या स्टुलावर बसली. "काल चुकलंच माझं. तिच्यासमोर विचारायला नको होतं. आज तू काही सांगितलं नाहीस तरी मी हात बांधून देणार, आणि रागावणार नाही."

पट्टी सुटत गेली. लेझिनानं जखम पुसायला घेतली.

"मी बोलले तर ती टिलेलेला आणेल," फालेसी एकदम म्हणाली. टिलेले म्हणजे तिची धाकटी बहीण.

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. दुकानात काम देते म्हणून या बाईनं तिला पार तिच्या गावाहून, फालोंबेहून आणलं होतं. दुकान कसलं! परसात दारूची भट्टी. बाहेरून कुलूप, हातावर कधी दमडी नाही. भट्टीवरच हात भाजला. पळालीस तर तुझ्या जागी बहीण, असं बजावलेलं.

लेझिनाला वाटलं, शेडमध्ये जावं आणि पळीनंच बडवावं बयेला. पण तिनं राग गिळला. कसा गिळला ते तिचं तिला ठाऊक. "गावात लस द्यायला कोण येतो? सायकलवाला?"

"बेनेडिक्टो."

"तो आत्ता जाऊन टिलेलेला बघेल. पण तू म्हणालीस तरच."

फालेसीनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "सांगा त्याला."

शेडमध्ये धुरानं स्टेलियाचे डोळे गळत होते आणि नागामा आजी तिला आपल्या तिसऱ्या नवऱ्याची गोष्ट अगदी सविस्तर सांगत होती. तेवढ्यात इकडे ड्रेसिंगच्या खोलीत डॉक्टरांनी बेनेडिक्टोला लावलेला फोन फालेसीला आणून दिला. बेनेडिक्टो धापा टाकत म्हणाला, "इथेच आहे, माझ्यासमोर." आणि मागोमाग बारीक आवाज आला, "ताई? ताई, तू जेवलीस का गं?"

फालेसी नुसती हुंदके देत राहिली.

स्टेलिया ताट घेऊन वॉर्डात आली तेव्हा समाजकल्याणच्या बाई इस्पितळाच्या शिपायासोबत शेजारच्या बेडवर पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. "खा आणि चल," स्टेलियानं ताट आदळलं.

आपल्यात वैऱ्यानं वाढलेलं ताटही कुणी दूर सारत नाही. फालेसीनं डाव्या हातानं ते दूर सारलं. "मी हे खाणार नाही. ही माझी मावशी नाही. मला घरी जायचंय."

स्टेलियानं आरडाओरडा करून पाहिला. पण शेडमधल्या सगळ्या बायका दारात येऊन उभ्या होत्या, कुणाच्या हातात पळी, कुणाच्या हातात लाकूड. शिपायानं तिला बाहेर नेलं, पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

आता प्रश्न राहिला जेवणाचा. पेशंटला सोबत हवीच, आणि पेशंट उपाशी नको हा नियम लेझिनाचाच. तिनं पदर खोचावा तसा कपडा कमरेला बांधला आणि शेडमध्ये गेली. खरी गोष्ट अशी की हिच्या घरी स्वयंपाक नवरा करतो, लग्न झाल्यापासून! नागामा आजीनं टपून राहून झाकण उचललं.

"अगं बाई! हा न्सिमा की रस्त्यावरची खडी?"

शेडमध्ये असा हशा पिकला की डॉक्टर बघायला आले. लेझिना तोंड पाडून ताट घेऊन गेली. फालेसीनं डाव्या हातानं सावकाश खाल्लं, ताट चाटूनपुसून साफ केलं. मग फोन मागितला.

"टिलेले? जेवले गं मी. गुठळ्या होत्या, पण पोटभर जेवले."