खुंट्या न मोडलेली कॅसेट

देवपुजारीमामा रॉक ऐकत दाढी करत. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरचा मागचा ओटा, खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, गालभर फेस, अंगात बाह्यांचा बनियन आणि गळ्यात जानवं. स्टुलावरच्या टेपरेकॉर्डरमधून कुणी गोरा साहेब जिवाच्या आकांताने ओरडत असे आणि त्याच्या ढोलाच्या ठेक्यावर मामांचा वस्तरा हनुवटीखालून सरसर वर येई. तीन वर्षं मी हा प्रयोग रोज सकाळी पाहिला. एकदाही रक्त आलं नाही. "दाढीला ढोल पाहिजे," ते म्हणत. "सतार लावली का हात थरथरते न बाप्पा." मग फेसाळलेलं तोंड माझ्याकडे वळवून हुकूम सोडत, "मुकुंदा, आवाज वाढव."

शेजारच्या सक्सेना साहेबांनी एकदा कुंपणापाशी येऊन अतिशय अदबीने विचारलं होतं की देवपुजारी साब, ये कौन-सी पूजा है. मामा म्हणाले, विलायत की आरती है, प्रसाद बाद में आएगा. आणि खरोखरच अर्ध्या तासात मामींच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या त्यांच्या घरी पोचल्या. त्यानंतर रविवारी आरतीला उशीर झाला तर सक्सेना साहेबच चौकशी करत.

हे मामा माझे मामा नव्हते. महाराणा प्रताप नगरातल्या एका बँकेत नोकरी लागून मी पुण्याहून आलो तेव्हा मला खोली हवी होती आणि त्यांच्याकडे मागची खोली रिकामी होती. पण सरकारी क्वार्टरात भाडेकरू ठेवता येत नाही. भाचा मात्र कितीही दिवस ठेवता येतो. पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर उभं करून त्यांनी माझ्या आईचं नाव विचारलं आणि आजपासून ती त्यांची चुलत बहीण असल्याचं जाहीर केलं. बहिणीच्या लग्नाला आपण का नव्हतो, याचंही उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं: टायफॉइड झाला होता. सगळं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. नागपूरकडचा माणूस, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कागद पक्का असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुढे हे खोटं नातं आम्हा दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं की आई पहिल्यांदा भोपाळला आली तेव्हा मामांनी तिला खरोखर माहेरची साडी दिली आणि टायफॉइडबद्दल माफी मागितली.

कॅसेट भरण्याची त्यांची पद्धत ऐकण्यासारखी होती. कुणाकडून तरी आणलेली कॅसेट एका टेपरेकॉर्डरमध्ये लावायची, दुसरा त्याच्यासमोर तोंड करून ठेवायचा, दारं लावायची आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास आवरून बसायचं. सगळे बसत. कुकर बसत नसे. त्यामुळे मामांच्या संग्रहातल्या प्रत्येक गाण्यात घर शिरलेलं होतं. गिटार ऐन रंगात आली की कुकर शिट्टी देई. एका हळव्या गाण्यात भाजीवाला "लौकी ले लो" म्हणून जाई. पुढे एका मित्राकडे मी तेच गाणं लौकीशिवाय ऐकलं, तर मला ते अपुरं वाटलं.

भरून झालं की ते चिठ्ठी चिकटवत. चिठ्ठीवर गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचंही नाही. "चार दिवस नळाला पाणी नाही." "बैतूलपाशी पंक्चर." "साहेबाची बदली, शेवटी!" गाणं पहिल्यांदा मनाला भिडलं तेव्हा आयुष्यात जे चाललं असेल, ते लिहायचं. "नाव त्याचं राहू दे," ते म्हणत. "गाणं आता आपलं आहे." इंग्रजी त्यांना फायलीपुरतं येई, गाण्यातलं अक्षरही कळत नसे आणि त्याची त्यांना खंत नव्हती. पाहुण्याला गाणं ऐकवण्याआधी चिठ्ठीवरची हकिकत पूर्ण सांगितली जाई. गाणं पाच मिनिटांचं आणि पंक्चर पाऊण तासाचं. चिठ्ठी लागली की कॅसेटच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या ते स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकत. खुंटी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "सही-शिक्का झाला," ते म्हणत. "आता ब्रह्मदेवही खोडू शकत नाही."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. इतकी वर्षं मी तो कुणाला सांगितला नाही, आणि गोष्टी सांगण्याच्या बाबतीत मी गप्प बसणाऱ्यांतला नाही.

पुण्यातल्या एका मुलीचं पत्र आलं होतं. घरी बोलते आहे, असं तिने लिहिलं होतं. मामांच्या सहवासात राहून मलाही वाटलं की या क्षणाचं एक गाणं आपल्यापाशी असावं. बँकेतल्या मित्राची कॅसेट आणली आणि रविवारी दुपारी मामा झोपलेले असताना मामांचे दोन्ही टेपरेकॉर्डर माझ्या खोलीत समोरासमोर मांडले. भरायला कोरी कॅसेट नव्हती. मामांच्या फळीवर एक होती. चिठ्ठी नाही, खुंट्या शाबूत. या घरात याचा अर्थ एकच होऊ शकत होता. मी ती घेतली, गाणं भरलं, कॅसेट माझ्या ट्रंकेत टाकली आणि बाजारातून नवी आणून ठेवायचं विसरलो.

दीड-दोन महिन्यांनी मामी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या भजनी मंडळातल्या. मामांच्या गाण्यांना त्या "तुमचा गोंधळ" म्हणत. त्या दिवशी मात्र आपण होऊन सांगू लागल्या. भोपाळला आलो त्या साली यांनी हट्टाने एका गोंधळात मलाही गायला लावलं होतं. मला कुठले ते शब्द येणार, मी नुसतं ला-ला केलं, तेही अर्ध्यात हसू आलं म्हणून सोडून दिलं. हे म्हणाले, राहू दे, उरलेलं पुढे कधी गाशील. म्हणून त्या कॅसेटच्या खुंट्या मोडल्या नाहीत अजून. "आणि चिठ्ठी?" मी विचारलं. मामी मेथीकडे बघत म्हणाल्या, "तिला काय करायची चिठ्ठी?"

ती कॅसेट माझ्या ट्रंकेत होती. त्या रविवारी सांगायचं ठरवलं. मग पुढच्या रविवारी. मग पुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं, माझ्याशी नव्हे, आणि मला कशातच रस उरला नाही. ती कॅसेट मी एकदाही लावली नाही. वर्षभराने मी दुसरीकडे राहायला गेलो तेव्हा ट्रंकेबरोबर तीही गेली.

तीस वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, बिट्टन मार्केटजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मुलगा हैदराबादला. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या आणि फिरून मी भोपाळलाच आलो. चार वर्षांपूर्वी मामी गेल्या.

त्यानंतरचे मामा पाहवत नसत. कानात यंत्र, गुडघ्याला पट्टा. दाढी चार दिवसांतून एकदा, तीही बाथरूमच्या पांढऱ्या दिव्याखाली, मुकाट्याने. आणि आता हटकून कापत असे. हनुवटीला वर्तमानपत्राचा चिटोरा चिकटवलेले मामा दार उघडत. आठवडी हाटाच्या दिवशी मी त्यांची भाजी घेऊन तीन मजले चढे. दोघेही दमलेले, मी जिन्याने, ते कशाने ते सांगता येत नसे. गाणी ऐकता का, असं विचारलं तर म्हणत, "ऐकायचं म्हटलं तरी उठावं लागते न."

आणि एक दिवस म्हणाले, "मुकुंदा, खोक्यातून एक कॅसेट शोधून दे. कोरी दिसेल. तिच्यात ती आहे."

मी नाटक्या माणूस. तीन आठवडे शोधण्याचं नाटक केलं. खोकं पुढ्यात ओढायचं, एकेक कॅसेट उचलायची, मोठ्याने चिठ्ठी वाचायची. बैतूलपाशी पंक्चर. मामा डोळे मिटून बसत. त्यांना आता हकिकती पूर्ण आठवत नसत, म्हणून मीच सांगे. स्टेपनीसुद्धा पंक्चर होती, मामींनी ट्रकवाल्याला राखी बांधली, सगळं. पूर्वी ते सांगत आणि मी हुंकार देई. आता उलटं झालं होतं. खोकं संपलं की ते म्हणत, "पुढच्या वेळी नीट पाहू." तिसऱ्यांदा ते असं म्हणाले आणि मला माझ्या आवाजाचाच कंटाळा आला.

चौथ्या आठवड्यात भाजीच्या पिशवीत दुधीच्या खाली ती कॅसेट आणि माझा जुना, नवा बेल्ट टाकून चालता केलेला टेपरेकॉर्डर होता. कॅसेट त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. या एका गोष्टीला मी तिखटमीठ लावलं नाही.

मामा कॅसेट उलटीसुलटी करून पाहत राहिले. "म्हणजे तिचं ला-ला पुसलं."

"हो मामा."

"आणि तीस वर्षं माझ्या घरी जेवून राहिला."

"हो."

त्यांनी हनुवटीवरचा चिटोरा चाचपला. "त्या पुण्याच्या मुलीसाठी."

"हो."

"ती तर आली नाही."

"नाही."

"म्हणजे दोघीही गेल्या," मामा म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना तेवढंही बळ नव्हतं. मी उठू लागलो तर हाताने बस म्हणाले. "लाव. एवढं काय भरलं, ते तरी ऐकू."

मी टेपरेकॉर्डर त्यांच्या यंत्राच्या कानापाशी धरला. आधी नुसती खरखर. मग गिटार, मग ढोल. बरं गाणं होतं. मला त्यात पुण्याचं काही सापडेना. दुसरं कडवं सुरू झालं आणि दाराची कडी वाजली. माझ्या खोलीची कडी. ती तशीच वाजायची.

"मुकुंदा, हळू लाव न रे." मामींचा आवाज. दबलेला, पण अगदी जवळ. "त्यांचा आत्ता कुठे डोळा लागला. आठ दिवस विधानसभेच्या फायली करून राहिले, नीट जेवलेही नाहीत."

"हो मामी," असं एक चोवीस वर्षांचा मुलगा म्हणाला. गाणं खाली गेलं. पावलं दूर गेली. मी हे साफ विसरलो होतो.

माणसाला आयुष्यभर बायको समोरून ऐकू येते. आपल्या पाठीमागे ती आपल्याबद्दल काय बोलते, हे मामांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. टेप फिरत राहिला. गाणं इतकं बारीक झालं होतं की घर ऐकू येऊ लागलं: लांबचा नळ, पंखा, आणि पंख्यापलीकडे काहीतरी, संथ, जाड, ठेक्यात.

मामांनी भुवया जवळ आणल्या. "हे कोण घोरून राहिलं?"

"तुम्ही."

त्यांच्या पोटातून एक आवाज आला. हसू होतं का, ते मला नक्की सांगता येणार नाही. गाणं संपलं तसे ते टेबलाला धरून उठले, स्वतःच, आणि आत गेले. खणात बराच वेळ खुडबुड झाली. जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. कॅसेट त्यांनी मला धरायला लावली. पहिली खुंटी मोडली. दुसरीला तीन प्रयत्न लागले.

"आधीच मोडायला पाहिजे होत्या," ते म्हणाले. एवढंच. तो ठपका माझ्यावर होता की त्यांच्यावर, हे मी विचारलं नाही, आणि गेल्या थंडीत ते गेले, त्यामुळे आता विचारताही येणार नाही.

मी चिठ्ठीसाठी खिशातून पेन काढलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, खुर्चीत टेकले आणि डोळे मिटले. "पुन्हा लाव."

मी बटण दाबलं आणि तीस वर्षांपूर्वीच्या सवयीने माझा हात आपोआप आवाज वाढवायला गेला.

"अंहं," मामा म्हणाले. "हळू लाव. तिनं सांगितलं न."