पांढरी जीप

आज शाळेच्या फाटकाशी एक पांढरी जीप थांबली. फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता मी खिडकीतून पाहिलं आणि वळले, तर चौथीतली सारिका दप्तर भरत होती.

"कुठे गं निघालीस?"

"घरी. साहेब आले ना, बाई."

गेल्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हणाले होते, "उद्या नाही आलीस तरी चालेल हं." अगदी गोड आवाजात. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, आणि साहेब नेमकं अशाच पोराला उभं करतात. आम्ही सगळेच असं करतो. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही, वर्ग सांभाळणं म्हणतात. अहवालात माझ्या वर्गापुढे 'उत्तम' आलं, तेव्हा मी पेढे वाटले. सारिकालाही दिला. तिने तो खाल्लाही.

पहिलीपासून ही पोर माझ्याच हाताखाली आहे. पाढे घोकून घेतले, बाराखडी गिरवून घेतली. काही म्हणजे काही टिकलं नाही. आणि हे एकदाच, हसत सांगितलेलं, तिने कायमचं पाठ केलं.

जीप नुसती वळायला थांबली होती. वळली आणि गेली. "बस खाली," म्हणायला मी तोंड उघडलं, पण सारिका मागच्या बाकापाशी वाकली होती. नव्यानेच आलेल्या, अडखळत वाचणाऱ्या कमलचं दप्तर ती भरून देत होती.

"चल गं," ती तिला समजावत होती, "आपण असलो की बाईंना त्रास होतो."